तापाच्या साथीत माहेरची वाट

यंदा पुन्हा तापाची साथ आली आहे. आमच्या ओळीतल्या एका घरची सून परवा माझ्याकडे आली. बहिणीच्या लग्नाला अमरावतीला जायचं की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. घरात दोन तट पडले होते. मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. चहा घेऊन ती गेली आणि मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. सत्तावन्न सालच्या साथीत माझ्यावर जे गुदरलं ते मी घरात तुकड्या-तुकड्यानं पुष्कळदा सांगितलं आहे, पण सलग कधी सांगितलं नाही. तिच्यासाठी म्हणून ते लिहिते आहे. औषधपाण्याचं मला काही कळत नाही. अशा तापात पडलेल्या बाईला काय वाटतं आणि भोवतालची माणसं कशी वागतात, एवढंच मला ठाऊक आहे.

जावं की राहावं

आम्ही तेव्हा उमरखेडला होतो. हे पोस्टात तारबाबू होते. मला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण म्हणून यवतमाळला आईकडे जायचं कधीचं ठरलं होतं. पाऊस नीट लागायच्या आत निघायचं, असा बेत होता.

तेवढ्यात पेपरात बातम्या यायला लागल्या. मद्रासला बोटीतून ताप उतरला, मग तो नागपुरात आला, मग वर्ध्याला. उमरखेडात तो अजून कुणी पाहिला नव्हता, पण बोलणं दुसरं नव्हतं. तरुण मंडळी हसण्यावारी नेत. चार दिवस अंग दुखतं आणि जातं, म्हणत. दुकानात कुणी शिंकलं की दुसरा ‘मद्रास मेल आली’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. म्हातारी माणसं मात्र हसत नसत. त्यांनी अठरा सालची मानमोडीची साथ पाहिली होती, घरंच्या घरं तापानं उठलेली पाहिली होती. ती गप्प बसायची आणि नातवंडांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची.

प्रत्येकाचा हिशेब निराळा होता. आमच्या शेजारच्या काकू आठवडी बाजाराला जायच्या बंद झाल्या, पण कुठलं लग्न त्यांनी चुकवलं नाही. जणू ताप बाजारात येतो आणि पंगतीत येत नाही. माझाही एक हिशेब होता. आई जिथं आहे तिथं मला काही होणार नाही.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. कचेरीत नाझर म्हणून त्यांची नोकरी झालेली. कमी बोलणारे, कडक सोवळ्याचे. प्रवासात दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता आणि लग्नाला दोन वर्षं होत आली तरी त्यांच्याशी सरळ बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात असताना ते यांना म्हणाले, की बाळंतपण इथंच होऊ द्या, सूनबाईला या दिवसांत मोटारीत बसवू नका. हे म्हणाले की पेपरात तर साधा ताप आहे असं लिहितात. बराच वेळ दोघांचं चाललं. मी पोळ्या लाटत होते आणि डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं. ते त्यांना दिसलं असावं.

निघायच्या आदल्या दिवशी पोस्टातली दोन माणसं तापानं पडली आणि यांची रजा रद्द झाली. आता जाणं राहिलंच, असं मी धरून चालले. तेव्हा मामंजी म्हणाले, “मी नेतो.” ज्यांचा जायला विरोध होता तेच.

मोटारीत

सकाळी उठले तेव्हाच अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं. माहेरी जायच्या आनंदात झोप नाही लागली, त्याचंच असेल म्हणून मी कुणाला बोलले नाही. पुसद मागे पडलं आणि मला थंडी वाजायला लागली. पाऊस चालू होता, म्हणून मी लुगडं आवळून घेतलं. पण ही थंडी बाहेरची नव्हती. पाठीच्या कण्यातून ती वर चढत होती. दात वाजू नयेत म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला. डोळे हलवले तरी दुखत होते.

दिग्रसच्या अलीकडे एका नाल्याला पूर आला होता. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरून, गढूळ पाणी धो धो चाललेलं. ड्रायव्हरनं मोटार उभी केली. पाणी उतरेल तेव्हा उतरेल, तोवर सगळ्यांनी आतच बसा, असं कंडक्टरनं सांगितलं. पावसाची झड आत येते म्हणून दोन्ही बाजूंचे पडदे ओढून घेतले. गाडी भरलेली होती. बिडीचा धूर, ओल्या घोंगड्यांचा वास. माझ्या पुढच्याच बाकावर एक ओली बाळंतीण बसली होती, माहेराहून सासरी निघालेली. तिच्या खांद्यावर बाळाचं डोकं माझ्याकडे तोंड करून टेकलेलं होतं. मला खोकला आला. दाबला, तो पुन्हा आला.

गाडीतलं बोलणं थांबलं. माझ्या शेजारच्या बाकावरचा छत्रीवाला गृहस्थ हळूच उठून मागे जाऊन उभा राहिला. एका बाईनं पदर नाकाला लावला. ती शांतता मला अजून आठवते. त्यात राग नव्हता. तिथल्या प्रत्येकाला एकाच वेळी एकच गोष्ट कळली होती.

मामंजींनी माझ्या कपाळाला हात लावला. त्यांनी मला स्पर्श केला तो पहिल्यांदाच. मग त्यांनी समोरच्या बाळाकडे पाहिलं आणि कंडक्टरला हाक मारली. आम्हाला इथं उतरायचं आहे, म्हणाले.

“काकाजी, इथं कायले उतरता? पानी उतरलं का दिग्रस येतेच.”

“बंद गाडीत एवढी माणसं आहेत. समोर ओली बाळंतीण आहे. आम्ही उतरतो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या पोटातल्या लेकराचं काय, असं ओरडावंसं वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की तापाचंसुद्धा भान राहिलं नाही. आज मी त्या बाळंतिणीच्या जागी बसून पाहते आणि अंगावर काटा येतो. परक्या बाईच्या लेकरासाठी त्यांनी आपल्या घरचं पहिलं नातवंड भर पावसात रस्त्यावर उतरवलं होतं. दिग्रसहून उमरखेडला तार करतो, असं कंडक्टरनं आपण होऊन सांगितलं आणि आमची वळकटी खाली दिली.

आमच्यामागून आणखी एक माणूस उतरला. पांढरा फेटा, खांद्यावर बियाण्याचं पोतं. तो जवळच्या बंजारा तांड्याचा नायक होता. उतारावर बोट दाखवून म्हणाला, तांडा तिकडं हाय, मी विचारून येतो, तुमी आंब्याखाली थांबा.

शेतातली झोपडी

मामंजींनी वळकटी उलगडून मला तिच्यावर बसवलं आणि छत्री माझ्यावर धरून ते स्वतः भिजत उभे राहिले. नायकाला परत यायला वेळ लागला. तांड्यात काय बोलणं झालं असेल ते मी नंतर कितीदा तरी मनात आणून पाहिलं आहे. तो परतला तो जरा दूरच थांबला आणि आडपडदा न ठेवता बोलला.

“तांड्यात नाई घेता येत, काकाजी. लेकरं हायेत. मानमोडीत आमचा अर्धा तांडा गेलता, म्हातारे इसरले नाईत. वावरात झोपडी हाय, कोरडी हाय. थे तुमची. जेवन आमी पाठवतो.”

मामंजींनी हात जोडले. ते म्हणाले, “तुम्ही बरोबर केलं.”

ती झोपडी म्हणजे वरती गवताचं छप्पर आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. जोंधळ्याच्या कडब्यावर वळकटी टाकली आणि मी तीवर पडले. पाणी उतरून मोटार निघून गेली. ती गेल्याचा आवाज आला तेव्हा मला उठून बसताही येत नव्हतं.

बांधावर एक सपाट दगड होता. तांड्यातली कुणीतरी बाई त्यावर भाकरी आणि वरणाचं भांडं ठेवायची, हाक द्यायची आणि मागे सरायची. ती गेल्यावर मामंजी जाऊन ते आणायचे. पहिल्या दिवशी ती भाकरी हातात घेऊन ते थोडा वेळ बसले. जन्मभराचं सोवळं. मग त्यांनी ती कपाळाला लावली आणि खाल्ली. माझ्यासाठी वरणाचं पाणी गाळून घेतलं.

ताप वाढला तशी झोपडी लहान-मोठी व्हायला लागली. छपराचं गवत खाली येऊन तोंडाला लागतंय असं वाटायचं, लगेच ते आभाळाएवढं दूर जायचं. अंगाचा एक सांधा दुखायचा राहिला नव्हता. वासाची तर अशी गंमत, की ओल्या मातीचा वाससुद्धा सहन होईना. मधेच आईचा आवाज यायचा, अगदी कानाशी, आणि मी ओ द्यायची.

आणि सगळा वेळ मामंजी चमच्यानं पाणी पाजायचे. मी डोळे उघडले की चमचा ओठांशी. नको म्हणून मान फिरवली तरी चमचा तिथंच. एकदा मी चिडून म्हणाले, मला तहान नाही. सरळ त्यांना उद्देशून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

ते चमचा धरूनच राहिले. म्हणाले, “मानमोडीत आमचं सगळं घर एकदम पडलं होतं. आई ज्या खोलीत गेली तिथं कोपऱ्यात भरलेला रांजण होता. उठून पेलाभर पाणी द्यायला आमच्यात कुणी उरलं नव्हतं. मी तिच्या शेजारीच पडलो होतो. ती मागत होती. मला हात उचलता येत नव्हता.”

मी ओठ उघडले. त्यानंतर पाण्याला नको म्हणाले नाही.

मला उलट्या होत. कपडे खराब होत. त्या माणसासमोर, ज्यांच्यापुढून जाताना मी अंग चोरून जायची. मी रडायला लागले तेव्हा ते खाली पाहून म्हणाले, “सूनबाई, लाजायचं ते नंतर.” आणि माझं घाण झालेलं लुगडं नाल्यावर नेऊन धुऊन आणलं. कचेरीतले शिपाई ज्यांच्यासाठी छत्री धरायचे, ते लुगडं पिळत असलेले मी झोपडीच्या दारातून पाहिले. इतकं तापात असूनही मला वाटलं, देवळात उभं राहिल्यावर जे वाटायला हवं ते हेच असेल.

पोटातली शांतता

ताप उतरत चालला असं वाटलं त्या सकाळी मला दुसरं काही कळलं. पोटात हालचाल नव्हती. आदल्या दिवशी होती की नव्हती, तेही आठवेना. मी हात ठेवून वाट पाहत पडले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. काही नाही. असं सासऱ्यांना कसं सांगायचं? मी नुसतं “बाळ” म्हणाले.

मामंजी उठले, बांधापर्यंत गेले आणि तांड्याच्या दिशेनं हाका मारायला लागले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. कुणी जाणती बाई असेल तर पाठवा, आत येऊ नका म्हणा, नुसतं सांगा म्हणा, असं काहीतरी ते ओरडत होते आणि त्यांचा आवाज फाटत होता.

हिरीबाई आली. तांड्यात बाळंतपणं करायची ती. साठीच्या आसपासची, हातभर पांढऱ्या बांगड्या, घागऱ्यावर आरसे. ती बांधावर थांबली आणि तिथूनच विचारायला लागली. किती महिने, पाणी गेलं का, दुखतं का. मामंजी मला विचारून तिला सांगायचे. दारातून मला ती पूर्ण दिसत होती. तिनं एकदा मागे तांड्याकडे वळून पाहिलं, तिच्या घरी लहान नातवंडं होती हे मला नंतर कळलं. मग पायातली वहाण काढली आणि सरळ आत आली.

माझ्याजवळ बसून तिनं पोटावर हात ठेवला. तापलेल्या अंगाला त्या बांगड्या थंडगार लागल्या. ती आपल्या बोलीत हळूहळू काही पुटपुटत होती. त्यातला ‘याडी’ हा एकच शब्द मला ओळखू आला. याडी म्हणजे आई. ती मला याडी म्हणत होती की देवीला, कोण जाणे.

मी विचारलं, “आहे का?”

“मले नाई समजून राह्यलं, माय,” ती म्हणाली. “खोटं कायले सांगू. पाहू आपन. मी हात काढत नाई.”

तिनं हात काढला नाही. मामंजी बाहेर पाठ करून बसले होते. पाऊस थांबला होता आणि शेतात कुठंतरी टिटवी ओरडत होती. किती वेळ गेला असेल ते मला सांगता येणार नाही. एकदम आत, अगदी खोल, मासळी उलटावी तसं काही हललं. मी हिरीबाईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. पुन्हा हललं, यावेळी जोरात, तिच्या हाताखाली लाथच बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसायला लागली. मामंजींनी विचारलं नाही. त्या हसण्यावरून त्यांना समजलं. त्यांचे खांदे हललेले मला दिसले.

तिला आता घरी जा, असं मामंजी म्हणाले. ती म्हणाली, “आता कशी जाऊ? आता मी बी तुमच्यातलीच. घरी लेकरं हायेत.” आणि ती तांड्यात गेली नाही. झोपडीशेजारी बैलगाडी उभी होती, तिच्याखाली घोंगडी अंथरून राहिली. तिचंही जेवण त्या दगडावरच यायला लागलं.

दवाखाना

ताप पुन्हा उलटला. यावेळी तो छातीत शिरला. श्वास घेतला की कुशीत सुरी खुपसल्यासारखं व्हायचं, म्हणून मी अर्धा-अर्धा श्वास घेत होते. थुंकीत लाल दिसलं तसं मामंजींनी नायकाला हाक दिली. नायकानं स्वतः बैल जुंपले आणि मला दिग्रसला नेलं. तो गाडी हाकताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला तोंड करून बसला होता, पण बसला होता.

सरकारी दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी भरला होता. खाटा संपल्या होत्या, चटयांवर माणसं होती. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं, न्युमोनिया म्हणाले आणि लगेच पेनिसिलिनची सुई टोचायला सांगितली. मामंजींनी विचारलं, “दोघं वाचतील?” डॉक्टर तरुण होते. त्यांचेही डोळे तापानं लाल झाल्यासारखे दिसत होते. म्हणाले, “मी प्रयत्न करतो. त्यापुढचं मला माहीत नाही.” असं खरं बोलणारा डॉक्टर भेटला याचं मला तेव्हा दुःख वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

तिथले दिवस एकसारखे होते. पहाटे फिनेलचा वास आणि झाडूचा आवाज. मग कंपाउंडर स्टोव्हवर सुया उकळायला ठेवायचा, त्या भांड्यात खडखडायला लागल्या की सगळा व्हरांडा आपापला दंड चाचपायचा. मग थर्मामीटर. मग भाताची पेज. दुपारी नातेवाईक यायचे, त्यांतले निम्मे फाटकापाशीच उभे राहून हात हलवायचे. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरी लहान मुलं असलेला माणूस फाटकाशी आला, हेच पुष्कळ होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, अगदी वाळलेली. तिची सून तिला सांभाळायला म्हणून आली होती. ठसठशीत, धट्टीकट्टी, माझ्याच वयाची. माझी वेणीसुद्धा तिनं एकदा घातली. दोन दिवसांनी तिला ताप आला आणि पुढच्याच दिवशी दुपारी ती गेली. म्हातारी बरी होऊन काठी टेकत घरी गेली. जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला काही विचारायचं होतं. मलाही तेच विचारायचं होतं. तिला का, आणि मला का नाही? तेव्हापासून कुणी मला सांगतं की अमक्याची प्रकृती दणकट, त्याला काय होतंय, तेव्हा मला ती सून दिसते.

कंडक्टरनं तार केली होती, पण पावसानं तारा तुटल्यामुळे ती उशिरा पोचली. उमरखेडच्या पोस्टात ती तार यांनीच उतरवून घेतली. कट्ट-कड-कट्ट करत एक-एक अक्षर येत होतं आणि हे नेहमीसारखं लिहीत होते. गाव झालं, मग मामंजींचं नाव आलं, मग ‘सून आजारी’. हे मला म्हणाले, “हात लिहीतच होता. पूर्ण तार लिहून झाल्यावर मला कळलं की ती मला आलेली आहे.” नाले भरलेले, मोटारी बंद. हे सायकल घेऊन निघाले आणि जिथं पाणी असेल तिथं ती डोक्यावर घेतली. ते दवाखान्यात आले तेव्हा चिखलानं ओळखू येत नव्हते. यांनी कळवल्यावर आई यवतमाळहून दारव्ह्याच्या वाटेनं आली. तिलाही कितीजणांनी नको म्हटलं होतं. आल्या-आल्या तिनं मामंजींकडे पाहिलं. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं, मांडीवर चमचा आणि पेला. आईनं त्यांच्या मांडीवरचा पेला उचलला आणि त्यांना म्हणाली, आता तुम्ही झोपा.

मामंजींना ताप आलाच नाही. का आला नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पहिला पूर्ण श्वास

एका सकाळी मी खोकून झाल्यावर श्वास घेतला आणि तो आत गेला. पोटापर्यंत गेला. कुठं अडला नाही, कुठं टोचलं नाही. मी घाबरून पुन्हा घेतला. तोही गेला. व्हरांड्याबाहेर एक कडुलिंब होता, त्याच्या पानांवरून पाणी गळत होतं आणि मी नुसती श्वास घेत पडून राहिले. वर्षानुवर्षं आपण हे फुकट करत असतो. इतकी मोठी गोष्ट आपल्या छातीत चाललेली असते आणि आपण भांडी घासत असतो.

ज्यांचं माणूस आता अशा तापात पडलं आहे त्यांना मी एवढंच सांगेन. त्याच्याशी बोलत राहा. तो उत्तर देत नसला तरी त्याला ऐकू येतं. आणि बरा झाल्यावर तो महिनाभर कारण नसताना रडेल, तर त्याला रडू द्या. मी रडत होते.

अंगात थोडी ताकद आल्यावर आई मला यवतमाळला घेऊन गेली. श्रावणातच साथ ओसरली होती. बाजार पुन्हा भरला, सिनेमा चालू झाला. भीती तर तापाच्याही आधी उतरली. लोक हसत सांगायचे, आमच्या घरी सगळ्यांना येऊन गेला बुवा. ज्यांच्या घरातून माणूस गेलं होतं ते त्या हसण्याच्या वेळी उठून जायचे. भाद्रपदात मला मुलगी झाली. किरकोळ अंगाची, पण रडण्याचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

तांड्यावर

उमरखेडला परत जाताना तांड्यावर जायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं आणि मामंजींनीही ठरवलं होतं. कापूस वेचणीचे दिवस होते. मोटारीतून आम्ही त्याच नाल्याशी उतरलो. नाल्यात आता घोटाभर पाणी होतं. हे सामानाबरोबर पुढे गेले आणि आम्ही दोघं मुलीला घेऊन उतारानं चालत गेलो. या खेपेला कुणी अडवलं नाही. तांड्याच्या मधोमध नायकाच्या घरापुढं खाट टाकली गेली.

हिरीबाई वेचणीवरून धावत आली. कपाळावर कापसाची तूस चिकटलेली. तिला पाहिल्यावर माझ्या जिवात जीव आला, कारण वाटभर एकच विचार मला खात होता. मी ते विचारायला धजत नव्हते. मामंजींनीच विचारलं. आम्ही गेल्यावर तांड्यात ताप आला का?

नायक म्हणाला, आला. पुष्कळ जण पडले. त्याची आई गेली, आणि खालच्या अंगच्या घरातलं एक तान्हं पोर गेलं.

दगडावर यायची ती भाकरी कुणाच्या हातची होती, ते मला तेव्हा विचारवेना. मामंजी खाटेवरून उठले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. क्षमा मागायची होती. हात अर्धे जोडलेले तसेच राहिले.

नायकानं त्यांचे हात धरून त्यांना खाली बसवलं.

“बसा, काकाजी. तुमच्यापासून आला का बाजारातून आला, कोनाले मालूम? दिग्रसच्या बाजारात आमी रोजच जातो. अन् तुमच्यापासून आला असन, तरी त्या दिवशी आमी इचार करूनच झोपडी देल्ली होती. माही माय म्हने, देऊन टाक. तिले मालूम होतं. सगळ्याइले मालूम होतं.”

तोवर मी एवढंच समजत होते की माणसं घाबरतात तेव्हा दार लावतात आणि घाबरत नाहीत तेव्हा उघडतात. या माणसांना भीती होती. डोळे उघडे ठेवून, काय जाऊ शकतं ते मोजून, त्यांनी दिलं होतं. त्या अंगणात, वाळत घातलेल्या कापसाच्या शेजारी बसून मला ते पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं की मान वर करवेना.

बायका भोवती जमल्या. नायकाची सून पुढं आली आणि मुलीला घ्यायला तिनं हात पसरले. तेवढ्यात मागच्या घरातून कुणीतरी खोकलं. कोरडा, दाबून धरलेला खोकला. माझे हात आपोआप मुलीभोवती आवळले गेले. नायकाच्या सुनेला ते दिसलं. तिनं आपले हात मागे घेतले नाहीत, पुढेही केले नाहीत. ती थांबली. मी मामंजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते आणि त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मुलीच्या अंगावरचं दुपटं मी नीट केलं आणि तिला उचलून त्या हातांत दिलं.